अंगठीच्या आतलं अक्षर

स्मरणिकेसाठी लेख द्या, असं समितीचं आवाहन आलं तेव्हा बहुतेक विषय आधीच वाटले गेले होते. पाण्याच्या टाकीचा इतिहास, लिफ्टचा इतिहास, गणेशोत्सवाचा इतिहास आणि बिल्डरकडून कन्व्हेयन्स मिळवताना आपण केलेल्या खेट्यांचा इतिहास. मला म्हणाले, "तुम्ही त्या अंगठीवर लिहा." कुठली अंगठी हे बी विंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. ए आणि सी विंगमध्ये तिच्याबद्दल जे बोललं जातं त्यातलं निम्मंच खरं आहे. तेव्हा एकदा सगळं नीट लिहून ठेवावं, असं मलाही वाटलं. ज्या दोन घरांचा यात संबंध आहे त्यांना हा लेख आधी वाचून दाखवला आहे. आणखी एका व्यक्तीलाही वाचून दाखवला आहे, तिच्याबद्दल पुढे येईलच. तिघांच्याही सांगण्यावरून कुणाचं नाव घातलेलं नाही.

अंगठी कशी सापडली

२०२३ च्या मे महिन्यात बी विंगच्या डक्टमधली जुनी ड्रेनेज लाइन बदलायचं काम चालू होतं. जुने पाइप फोडून खाली उतरवले, मग तळातलं चेंबर साफ करायला घेतलं. कंत्राटदाराबरोबर आलेल्या एका पोराला त्या गाळात काहीतरी चमकल्यासारखं दिसलं. त्याने ते नळाखाली धुतलं आणि सरळ वॉचमनच्या केबिनमध्ये आणून दिलं. सोन्याची अंगठी, वर पानाची नक्षी. त्या दुपारी डक्टमध्ये त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. त्याने ती खिशात घातली असती तर कुणाला कळलंही नसतं. हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका, थोडं लक्षात ठेवा.

कमिटीने बोर्डावर नोटीस लावली की एक दागिना सापडला आहे, वर्णन सांगून आणि पावती दाखवून घेऊन जावा. दागिना कोणता हे मुद्दामच लिहिलं नाही. पाच घरांतून चौकशी आली. एकाच्या अंगठीला खडा होता, एकीच्या कानातलं हरवलं होतं, एक अंगठी पुरुषाच्या मापाची होती. राहिली दोन घरं. एक दुसऱ्या मजल्यावरचं आणि एक बरोबर त्याच्या वरचं, तिसऱ्या मजल्यावरचं. दोघांच्या न्हाणीचं पाणी एकाच पाइपातून खाली येणार. दोघांनी पानाची नक्षी सांगितली. दोघांच्या पावत्या आपल्या गावातल्या एकाच पेढीच्या, कारण तेव्हा अर्धं गाव तिथूनच दागिने घ्यायचं आणि ती नक्षी चालणीतली होती.

दुसऱ्या मजल्याची पावती २००४ च्या अक्षय्य तृतीयेची, वजन ३.२५० ग्रॅम. तिसऱ्या मजल्याची डिसेंबर २००५ ची, लग्नसराईतली, वजन ३.१८० ग्रॅम. सापडलेली अंगठी भरली ३.१५० ग्रॅम. सोनं वापरात झिजतं, म्हणजे वजनावरून दोघांपैकी कुणालाच नाही म्हणता येईना. भांडण मात्र झालं नाही, हे दोन्ही घरांबद्दल सांगायला हवं. दोघंही म्हणाले, "खात्री झाली तरच द्या."

मला टपाल तिकिटं जमवायचा जुना नाद आहे. तिकिटाचे दाते आणि छपाईतले दोष पाहायला माझ्याकडे दहापट मोठं दाखवणारं एक भिंग आहे, घड्याळजी डोळ्याला लावतात त्या जातीचं. म्हणून अंगठी माझ्याकडे आली.

शिक्का कशासाठी असतो

अंगठीच्या आतल्या बाजूला बारीक खुणा होत्या. नुसत्या डोळ्यांना तो एक ओरखडा वाटत होता. त्या वाचायच्या आधी त्या तिथे का असतात हे मी समजून घेतलं, आणि मला खरी गोडी तिथे लागली.

सोनं खरं की खोटं, हा प्रश्न सोन्याइतकाच जुना आहे. आपल्याकडे त्याचं उत्तर म्हणजे कसोटीचा काळा दगड. त्यावर दागिना घासायचा, शेजारी माहीत असलेल्या सोन्याची रेघ ओढायची आणि दोन्ही रेघांचा रंग ताडून पाहायचा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात या परीक्षेची चांगली सविस्तर माहिती आहे. अलाउद्दीन खिलजीच्या काळात दिल्लीच्या टांकसाळीत काम केलेल्या ठक्कर फेरू या जैन गृहस्थाने १३१८ साली 'द्रव्यपरीक्षा' नावाचा ग्रंथच लिहिला. कोणत्या नाण्यात किती सोनं, किती चांदी याचा त्यात हिशोब आहे. आपण रोज 'कस लागला', 'कसोटीला उतरला', 'बावनकशी माणूस' असं म्हणतो, ते सगळे शब्द त्या दगडावरून आलेले.

पण कसोटीची एक अडचण आहे. परीक्षा होते तेव्हा तिथे असतो तो सोनार आणि समोर बसलेलं गिऱ्हाईक. दागिना घरी आला, दोन पिढ्या गेल्या, की ती परीक्षा कुणी केली, केली की नाही, याचा काही पुरावा उरत नाही. उरतो तो शब्द. "आमचा सोनार ओळखीचा आहे."

इंग्लंडमध्ये १३०० साली पहिल्या एडवर्ड राजाने कायदा केला की चांदीची वस्तू तपासल्याशिवाय आणि तिच्यावर बिबट्याच्या तोंडाचा शिक्का मारल्याशिवाय कारागिराच्या हातून बाहेर जाता कामा नये. १३६३ मध्ये प्रत्येक कारागिराने स्वतःची खूण उमटवायची सक्ती झाली. पुढे १४७८ पासून लंडनच्या सोनारांच्या हॉलमध्ये वस्तू आणून तपासून घ्यायची पद्धत पक्की झाली. हॉलमध्ये मारलेली खूण म्हणून हॉलमार्क. त्याच वर्षी आणखी एक खूण वाढली, ती म्हणजे वर्षाचं अक्षर. दर वर्षी अक्षर बदलायचं. आज जुन्या वस्तूंचे शौकीन त्या अक्षरावरून वस्तूचं वय काढतात, पण ते त्यासाठी सुरूच केलेलं नव्हतं. पुढे माल खोटा निघाला तर त्या वर्षी तपासणीला कोण बसला होता हे कळावं, आणि जबाब त्याला विचारता यावा, म्हणून ते अक्षर.

हे वाचून मी थबकलो. शिक्का फक्त धातूबद्दल बोलत नाही. ज्याने शिक्का मारला त्यालाही तो बांधून ठेवतो.

आपल्या बाजूला काय झालं, तेही थोडक्यात सांगतो. जानेवारी १९६३ मध्ये सोने नियंत्रणाचे नियम आले. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने करायला बंदी झाली आणि गावोगावच्या सोनारांचा धंदा बसला. माझी आई सांगायची की आमच्या आळीतल्या सोनाराने तेव्हा पिठाची गिरणी टाकली. ती १४ कॅरेटची अट काही वर्षांतच शिथिल झाली, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत राहिला. या सगळ्या काळात शुद्धतेबद्दल गिऱ्हाइकाच्या हातात काय होतं? पुन्हा तेच, ओळखीचा सोनार.

भारतीय मानक ब्युरो, म्हणजे बीआयएस, या संस्थेने सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क देणं सुरू केलं ते एप्रिल २००० मध्ये. चांदीचं २००५ मध्ये. आपली सोसायटी नोंदली गेली तीही २००० साली. म्हणजे आपण आणि हॉलमार्क एकाच वयाचे.

पाच खुणा

सुरुवातीच्या त्या हॉलमार्कमध्ये पाच खुणा असायच्या. पहिली, बीआयएसची त्रिकोणी खूण. दुसरी, शुद्धतेचा आकडा. ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं, आपलं २२ कॅरेट. ७५० म्हणजे १८ कॅरेट. तिसरी, ज्या केंद्रात तपासणी झाली त्याची खूण. चौथी, वर्षाचं अक्षर. पाचवी, दुकानदाराची खूण.

तपासणी केंद्रात काय करतात, तेही सांगण्यासारखं आहे. दागिन्याचा बारीक कण काढून काटेकोर तोलतात, चांदी घालून शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळतात आणि भट्टीत हजार अंशांच्या वर तापवतात. शिसं आणि इतर हलके धातू मुशीत शोषले जातात. उरलेल्या मण्यातली चांदी नायट्रिक आम्लात विरघळवतात. शेवटी राहतं ते निव्वळ सोनं. ते पुन्हा तोलायचं. आधीचं वजन आणि नंतरचं वजन, एवढाच निवाडा. कुणाच्या चेहऱ्याकडे पाहून शिक्का मारत नाहीत.

वर्षाच्या अक्षराचा हिशोब सोपा आहे. इंग्रजी ए म्हणजे २०००, बी म्हणजे २००१, सी म्हणजे २००२, असं पुढे. मधलं आय हे अक्षर गाळलेलं, म्हणून २००८ ला जे. तेव्हा आमच्यासाठी प्रश्न एवढाच होता: ई आहे की एफ? ई असेल तर २००४. एफ असेल तर २००५.

आता नीट बघा. अंगठीवर एफ, म्हणजे २००५, निघाला तर २००४ च्या अक्षय्य तृतीयेला घेतलेली अंगठी ती असूच शकत नाही. पुढच्या वर्षाचा शिक्का आधी कसा बसेल? ई निघाला तर मात्र गोष्ट इतकी साफ नव्हती. २००४ चा माल २००५ मध्ये विकला जाऊ शकतो. तरी पारडं दुसऱ्या मजल्याकडे झुकलं असतं आणि खरं सांगायचं तर आम्ही अंगठी त्यांना देऊन मोकळे झालो असतो.

वाचताना झालेली चूक

पहिल्या दिवशी मी गॅलरीत उजेडात बसलो. हे भिंग वापरायची एक रीत असते. ते वस्तूजवळ नाही, डोळ्याजवळ धरायचं, जवळजवळ पापणीला लागेल इतकं. मग वस्तू हळूहळू जवळ आणायची. इंचभरावर आली की चित्र एकदम स्पष्ट होतं. दोन्ही हात एकमेकांना टेकवून ठेवले की थरथर कमी होते. उजेड समोरून नको, बाजूने, तिरका हवा. म्हणजे कोरलेल्या भागात सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. शिक्के कुठे शोधायचे हेही ठरलेलं असतं. अंगठीत आणि बांगडीत आतल्या बाजूला, साखळीत फाशाजवळ, कानातल्याच्या दांडीवर.

त्रिकोण दिसला. ९१६ दिसला. केंद्राची खूण अर्धी झिजलेली. दुकानदाराची खूण ओळखू आली. आणि मध्ये एक उभी रेघ, तिला तीन आडव्या. ई. मी चष्मा घालून, चष्मा काढून, तीनदा पाहिलं. संध्याकाळी सेक्रेटरींना फोन करून सांगितलं, "ई आहे. २००४. दुसऱ्या मजल्याची दिसते."

रात्री झोपताना मात्र एक गोष्ट टोचत होती. वरच्या दोन रेघांत सावली पडत होती, खालच्या रेघेत नव्हती. तिकिटांत हे मी पाहिलेलं आहे. छापलेली रेघ आणि नंतर पडलेला डाग वेगळे दिसतात. सकाळी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "धुतली का नीट? रिठ्यात घालून ठेवा."

रिठे रात्रभर भिजवले, त्या कोमट पाण्यात अंगठी दोन तास ठेवली आणि बाळाच्या मऊ ब्रशने हलक्या हाताने घासली. कडक ब्रश नको, कसलीही पावडर घासायला नको, नाहीतर शिक्काच झिजायचा. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे हे वेगळं सांगायला नको. पाइपांत जसा पांढरा थर बसतो तसाच त्या अक्षराच्या पायाशी बसला होता. धुतल्यावर त्यावर बोटाने किंचित टाल्कम पावडर लावून पुसून घेतली. पावडर कोरलेल्या खाचेत राहते, सपाट भागावरून निघून जाते. पुन्हा भिंग लावलं.

खालची रेघ नव्हती. एफ होता. २००५.

स्वतःवर भरवसा ठेवायचा नाही हे आदल्या दिवशीच शिकलो होतो. दोन्ही घरच्या मंडळींना आणि सेक्रेटरींना घेऊन त्या पेढीवर गेलो. तिथल्या वयस्कर मालकांनी काही न सांगता आपलं भिंग लावलं आणि म्हणाले, "आमचीच खूण. अक्षर एफ. ही पाचची." दुसऱ्या मजल्यावरच्या ताई पटकन म्हणाल्या, "म्हणजे आमची नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मग त्या बराच वेळ गप्प राहिल्या, आणि रिक्षात बसताना जे बोलल्या ते आमच्यापैकी कुणीच अजून मनात आणलं नव्हतं.

"म्हणजे मग मावशींनी घेतली नव्हती."

२००७ सालची नोटीस

जुन्या सभासदांना आठवत असेल. २००७ च्या गणपतीत तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंची अंगठी नाहीशी झाली. घरात कामाला एक मावशी होत्या. बी विंगमधल्या चार घरांत त्यांचं काम होतं, सकाळी साडेसहाला यायच्या. पोलिसात कुणी गेलं नाही. कुणी तोंडावर चोर म्हटलं नाही. फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी, त्या आता नाहीत, "उद्यापासून नको" असं सांगितलं. आठवड्याभरात बाकीच्या तिन्ही घरांनी तेच सांगितलं. दुसरा मजला त्यात होता. चौथं घर माझं होतं.

तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी मी होतो. कमिटीची तातडीची बैठक घेतली आणि बोर्डावर नोटीस लावली: घरकाम करणाऱ्या सर्व महिलांच्या पिशव्या बाहेर जाताना गेटवर तपासल्या जातील. नोटिशीत कुणाचं नाव नव्हतं. नाव लिहायची गरजही नव्हती. खाली सही माझी.

पेढीवरून घरी आल्यावर मी ऑफिसातून जुनं मिनिट बुक काढलं. बैठकीचा वृत्तान्त माझ्याच अक्षरात आहे. 'संशयास्पद परिस्थिती लक्षात घेता' असे शब्द आहेत. काय परिस्थिती, ते लिहिलेलं नाही. कुणी काय पाहिलं, ते नाही. त्यांना कुणी विचारलं का, ते नाही. न्हाणीचा ट्रॅप उघडून पाहिला का, तेही नाही. तो पाहिला असता तर कदाचित त्याच दिवशी अंगठी हाताला लागली असती. साबण लावलेल्या हातातून ती कधीतरी गळून पडली असणार, यापलीकडे त्या गोष्टीत काही नव्हतं.

तीन ग्रॅमच्या अंगठीवर शिक्का मारायच्या आधी तिचा कण काढून भट्टीत घालतात, दोनदा तोलतात, आणि कुणी तपासलं त्याची खूण ठेवतात. माणसावर शिक्का मारताना आम्ही कसही लावला नाही आणि तोलही पाहिला नाही. जबाबदारीची खूण तेवढी राहिली होती, माझी सही.

कागद

मावशींचा पत्ता मिळायला तीन आठवडे लागले. आपल्या इस्त्रीवाल्याच्या बायकोकडून कळलं की त्या स्टेशनपलीकडे मुलाकडे राहतात. तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाई, दुसऱ्या मजल्यावरच्या ताई आणि मी, असे तिघं गेलो. सूनबाईंनी साडी घेतली होती.

मावशींनी आम्हाला ओळखलं. बसा म्हणाल्या. सुनेला चहा ठेवायला सांगितला. मी सगळं सांगितलं, अंगठी, चेंबर, अक्षर. त्यांनी मध्ये काही विचारलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मला माहितीच होतं साहेब, की मी घेतली नाही. ते मला सांगायला एवढ्या लांब कशाला आलात?"

मी म्हणालो, "आमची चूक झाली."

त्या म्हणाल्या, "तेव्हा कागद खाली बोर्डावर लावला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचला. त्यानंतर दोन वर्षं या बाजूला मला काम मिळालं नाही, स्टेशनच्या त्या अंगाला धुणी-भांडी केली. आता घरात येऊन हळूच सांगता होय? जिथं लावला होता तिथंच लावा."

साडी त्यांनी घेतली नाही. चहा आम्ही प्यायलो.

दुसऱ्या दिवशी कमिटीसमोर विषय ठेवला. 'जुनं कशाला उकरायचं' असं दोघंतिघं म्हणालेच. पण कागद लागला. मजकूर मी लिहिला आणि सूनबाईंनी दुरुस्त केला. २००७ साली हरवलेली अंगठी सोसायटीच्याच ड्रेनेज चेंबरमध्ये सापडली आहे. त्या वेळी एका निरपराध बाईवर संशय घेतला गेला. त्याबद्दल सोसायटी त्यांची माफी मागते. खाली आताच्या सेक्रेटरींची सही आणि शेजारी 'तेव्हाचा सेक्रेटरी' म्हणून माझी. पिशव्या तपासायचा नियम सोळा वर्षं चालू होता, मधल्या कुठल्याच कमिटीने तो कशासाठी आहे हे विचारलं नव्हतं. त्या वर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तो ठरावाने रद्द झाला. दोन मतं विरोधात पडली, ती नोंदवलेली आहेत. त्या कंत्राटदाराच्या पोराला सोसायटीने बक्षीस दिलं, तेही मिनिट बुकात आहे.

ठराव झाल्यावर मावशींना निरोप धाडला. पुढच्या रविवारी त्या आल्या. बरोबर आठवीतली नात होती. नवा वॉचमन, त्याला काहीच माहीत नव्हतं. मावशींनी गेटमध्ये शिरताना सवयीने हातातली पिशवी उघडून त्याच्यासमोर धरली. तो गोंधळला, म्हणाला, "काय आहे आजी?" त्यांनी पिशवी मिटली. मग बोर्डासमोर उभं राहून नातीने तो कागद मोठ्याने वाचून दाखवला. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पुन्हा एकदा वाच." तिने पुन्हा वाचला.

जाता जाता उपयोगाचं

अंगठीची बातमी पसरल्यापासून माझ्याकडे दागिने वाचून घ्यायला बरीच मंडळी येतात. त्यातून लक्षात आलेल्या काही गोष्टी लिहून ठेवतो.

'केडीएम' हा शिक्का शुद्धतेचा नाही. कॅडमियम घातलेल्या डाकाचं ते नाव. त्याचा धूर कारागिराच्या छातीला वाईट. केडीएम म्हणजे हॉलमार्क, असं समजू नका.

२०१७ पासून नव्या दागिन्यांवरचं वर्षाचं अक्षर बंद झालं. जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला. जुलै २०२१ पासून खुणा तीनच राहिल्या: त्रिकोण, शुद्धता आणि अक्षरं-आकडे मिळून सहा जागांचा एचयूआयडी क्रमांक. प्रत्येक दागिन्याचा क्रमांक वेगळा. एप्रिल २०२३ पासून हा क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. तुमच्या घरातल्या जुन्या चार-पाच खुणांच्या दागिन्यांना मात्र काही बाधा नाही. बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये तो क्रमांक घातला की दागिना कोणी विकला, कुठे तपासला, शुद्धता किती, हे दिसतं. दागिना कुणाचा, हे त्यात दिसत नाही. म्हणून पावती जपा, आणि तो क्रमांक पावतीवर लिहून घ्या.

ए विंगमधल्या एका आजोबांनी वडिलांची गिनी आणली होती. तिच्यावर १९१८ साल, आणि सालाच्या वर जमिनीच्या रेघेवर भिंगाशिवाय न दिसणारं इंग्रजी आय. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या टांकसाळीत त्या एकाच वर्षी अशा सुमारे १३ लाख गिन्या पाडल्या गेल्या, त्यांची ती खूण. लंडनची समजून शंभर वर्षं जपलेली गिनी फोर्टात पाडलेली निघाली. आजोबा खूश झाले.

भिंग आता सोसायटीच्या ऑफिसात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं आहे. कुणालाही वापरायला मोकळं आहे. शेजारीच ते जुनं मिनिट बुक आहे. काही सापडलं तर आधी नीट धुवा, मग वाचा. आणि वाचलेलं दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतल्याशिवाय फोन करू नका. मी केला होता.